न विकलेलं पिल्लू

चिमे,

पिल्लू विकण्याआधी मी गिऱ्हाइकाला त्याच जातीचा मोठा कुत्रा फिरवून आणायला लावतो. ही पद्धत माझी स्वतःची. तू हसली होतीस, "दादा, पिल्लू देतोयस की मुलगी?" तुमचं घर दिवसभर बंद, म्हणून सख्ख्या बहिणीलाही मी नाही म्हटलं. तू रुसून दुसरीकडून घेतलंस.

गेल्या आठवड्यात प्राण्यांच्या निवाऱ्यात कुत्र्यांची नखं कापायला गेलो. त्यातला एक कुत्रा भिंतीकडे तोंड करून बसला होता. गळ्यात लोकरीचा विणलेला पट्टा. विणकाम संपवताना तू मारतेस ती उलटी गाठ मी कुठेही ओळखीन. तू ज्याच्याकडून घेतलंस त्या दुकानदाराने त्याला परत घ्यायला नकार दिला, म्हणून तू इथे सोडलंस म्हणे. मी विकलेला प्राणी माझ्याकडे कधीही परत येऊ शकतो. मी विकलेला नसला तरी हाही आला असता. माझ्या दारात यायची तुला एवढी लाज वाटली?

त्याला मी घरी आणलंय. नीट खातो. पण जिन्यात बायकी चपला वाजल्या की दाराशी जातो, आणि पावलं वर निघून गेली तरी तिथेच उभा राहतो.

तू यावंस असं मलाही फार वाटतं. पण घटकाभर बसून तू निघालीस, की त्याला काय सांगू? म्हणून हे पत्र पेटीत टाकत नाही.

तुझा,
दादा