मधल्या पाण्यातलं भरीत

१ डिसेंबर १८६४, गुरुवार.
जमुनेला सातवा महिना. डोहाळे भरताचे, तेही बापाच्या हातच्या. पोरगी गुणाची. अडचण एकच. सासर पूर्णा नदीपलीकडे, आणि लेकीला मूल होईतो बापानं तिच्या घरचं पाणीही पिऊ नये, हा रिवाज. तिचे सासरे सूर्यभानजी यांचा निरोप: या इकडे, आमच्याच चुलीवर भाजा, आमच्याच पंगतीले बसा. कापसानं देव पावला, आता रिवाज कोन पायते?
कापसाला भाव आल्यापासून व्याह्यानं बैलांच्या शिंगांना चांदी चढवलीय. त्याच्या पाटावर मी? मेलो तरी नाही.
दुपारी उपाय सुचला. नदी कोणाच्याच गावात नाही! नावेत शेगडी ठेवायची, मधल्या पाण्यात लेकीला जेवू घालायचं, आपणही जेवायचं. कळवून टाकलं.

२ डिसेंबर.
सूर्यभानजींचं उत्तर: जमलं त मानतो का व्याही हुशार हाये. नाही जमलं त नदीकाठच्या माह्या अंगनात तुमचा पाट मांडून ठेवतो.
ठेवा मांडून. धूळ खाईल.

४ डिसेंबर, रविवार.
शेगडी तयार. चाकाची जुनी लोखंडी धाव वापरली. तीन पाय, प्रत्येकी सव्वा वीत. लोहार चार म्हणत होता. तीन पाय कधी डुगडुगत नाहीत, हे त्याला समजावलं. त्याला भूमिती कोणी शिकवली नाही. मलाही नाही, पण मी घरी शिकलो.

७ डिसेंबर, बुधवार.
चाचणी. नाव डुलते, म्हणून शेगडी बंगईवर ठेवली आणि हिला झोके द्यायला लावले. वांगी पाच. भाजली दोन. एक गोठ्यात गेलं, ते बैलानं खाल्लं, म्हणजे चव उत्तम. दोन सापडली नाहीत. धोतर जुनंच होतं.
ही म्हणते, अवो, पयले जमिनीवर त भाजून दाखवा.
मी धोतर बदलायला गेलो.

१० डिसेंबर, शनिवार.
नाव पाहून आलो. फळ्या कडक, लेकीला टोचतील. मागच्या टोकाला सरकी काढलेला कापूस हातभर जाड अंथरणार. या भावात! व्याही बघत राहील. वली नावाडी म्हणे, भाऊ, कापूस अन् इंगळ एकाच नावेत? मी शांतपणे सांगितलं, शेगडी पुढे, कापूस मागे, मधे सात हात. मोजलेत. शिवाय वारा मागून येईल. वली म्हणे, वाऱ्याले सांगतलं का?
उद्धट माणूस.

१४ डिसेंबर, बुधवार. सकाळ, ८ वाजता.
बाभळीचे कोळसे बेचाळीस. वांगी नऊ, देठासकट. पलीकडे पोचेतो वांगी भाजून होतील, लेकीला नावेत घेऊ, मधल्या पाण्यात येऊन पंगत मांडू. ही येत नाही. म्हणते, मी घरी भाकरी टाकून ठेवतो, उपाशी याल.

त्याच दिवशी, संध्याकाळ.
वारा समोरून आला. यात माझी चूक नाही.
मधल्या पाण्यापर्यंत सहा वांगी झाली होती. सातवं फुटलं. ठिणगी सात हात गेली. साडेसात ठेवायला हवे होते. कापूस भपकन पेटला. वलीनं भरताची परात उचलली आणि नदी आत ओतली. आधी कापसावर, मग शेगडीवर, मग माझ्यावर. मी पेटलो नव्हतो. विचारलं तर म्हणे, खात्री करून राह्यलो.
शेगडी आडवी. (तीन पायांचा संबंध नाही.) वांगी पूर्णेत. ती धारेच्या ओढीनं तरंगत आमच्याआधी पलीकडे पोचली. काठावर जमुना, सूर्यभानजी, सारं गाव. जमुनेनं एक उचललं, सोललं, म्हणाली, बाबा, आतून बरोबर भाजलं.
बेताचा पहिला भाग अचूक.
तिनं घरी नेऊन त्याचं भरीत केलं, वर कच्चं तेल, कांद्याची पात, आणि ताट काठावर आणलं. सूर्यभानजी हसले नाहीत, हेच फार लागलं. एवढंच म्हणे, भगवंतराव, पाट मांडला हाये. मी काठावर पाय ठेवायला तयार नाही. जमुना म्हणे, बाबा, तुमी नाही जेवले त मीबी नाही जेवत.
सातवा महिना. काय करणार?
गुडघाभर पाण्यात उभा राहून जेवलो. नदी कोणाच्याच गावात नाही. दोन भाकरी. पाय गारठले म्हणून थोडा पुढे सरकलो. मग आणखी थोडा.
तिसरी भाकरी पाटावर. पण पाय ओले होते.
चौथीला वाळले असावेत. पाहिलं नाही.