एकेचाळीस कान

मी, कोंडीबा बिन रामा मेटकरी, वय अंदाजे चौऱ्याहत्तर, धंदा मेंढपाळी व थोडी जिराईत शेती, राहणार मौजे हिवरमाळ, तालुका खानापूर, जिल्हा सातारा, आज हा कागद आपखुशीने करून ठेवतो. मला लिहिता येत नाही म्हणून मी सांगतो आणि शाळेचे दिनकर मास्तर लिहितात. कुणी मला दारू पाजलेली नाही की धाक घातलेला नाही. गुडघे गेले, दात गेले. अक्कल तेवढी शाबूत आहे, ती यायलाच उशीर झाला.

माझ्या घरात माझ्यामागे उरणारी माणसे दोन. एक मुलगा दादासो. दुसरी माझ्या धाकट्या भावाची, भिवाची, बायको हरणाबाई, वय पासष्टच्या पुढे. भिवा मानमोडीच्या तापाच्या साथीत गेला, मूलबाळ नाही. हा कागद हरणाबाईसाठी आहे आणि दादासोच्या विरुद्ध आहे. मास्तर म्हणाले, ‘विरुद्ध’ हा शब्द नको. मी म्हणालो, राहू द्या.

एक. आधी हरणाबाईच्या मेंढ्यांचे सांगतो. त्या मी तिला देत नाही, कारण त्या माझ्या नाहीत. लग्नात तिच्या बापाने चौदा मेंढ्या आंदण दिल्या होत्या. तिची खूण डाव्या कानाला दोन कातरे. माझी खूण उजव्या कानाचे टोक उडवलेले. सगळ्यांची मेंढरे एकाच कळपात चरत. दिवाळी झाली की कुंभार्ली घाटाने खाली कोकणात जायचे, मिरगाच्या आधी परत यायचे. वाटेत मेंढरू मेले तर त्याचा खुणेचा कान कापून आणायचा आणि बिरोबाच्या देवळापुढे घोंगडीवर टाकायचा, ही आमची रीत. कान पाहिला की मालकाने ‘गेले’ म्हणायचे, पुढे विचारायचे नाही. मग ते कान दोरीत ओवून घरात टांगायचे.

मी कळपाबरोबर जात होतो तोवर तिच्या चौदाच्या पन्नास झाल्या. सहा वर्षांमागे माझे गुडघे धरले आणि कळप दादासोच्या हाती गेला. तेव्हापासून लांडग्याने माझी चार मेंढरे नेली, दादासोचे एकही नाही, आणि हरणाबाईची एकेचाळीस. एवढा पारखी लांडगा मी उभ्या जन्मात पाहिला नाही. आज तिच्या नऊ उरल्या आहेत. त्यांची कोकरी कुणाच्या खुणेखाली गेली ते दादासोच जाणे.

दोन. यात माझा दोष आहे, तो लिहून ठेवतो. आमच्यात भावजय थोरल्या दिराशी तोंड वर करून बोलत नाही. हरणाबाई घरात आल्यापासून मला काही सांगायचे असले की कुत्र्याला सांगते आणि मी ऐकतो. “खंड्या, तुझ्या धन्याला सांग, भाकरी वाढलीया.” आजवर चार कुत्री झाली, चारही खंड्याच.

दादासो पहिल्या वर्षी परत आला तेव्हा घोंगडीवर तिच्या खुणेचे अकरा कान पडले. सगळी वस्ती जमली होती. हरणाबाईने एक कान उचलला, उलटा केला. लोकरीत रक्त वाळले होते. ती म्हणाली, “खंड्या, रातीला लांडग्यानं मारल्याल्या मेंढराचा कान सकाळच्याला कापला, तर एवढं रगात येतं व्हय रं?”

दादासो म्हणाला, “काकू आता कुत्र्याला वैदकी शिकवाय लागली!” लोक हसले. मीही हसलो. चाळीस वर्षे मेंढरांत घालवलेला माणूस मी, मला ते कळायला हवे होते, आणि खरे सांगायचे तर कळले होते. मुलाची लाज चारचौघांत निघू नये म्हणून मी हसलो. तिने कान होता तिथे ठेवला आणि भाकऱ्या थापायला गेली. त्यानंतर कान पाहायला ती कधी आली नाही.

तीन. यंदा दसऱ्याला मी बैलगाडीने व्याही सिद्धू यांच्याकडे गेलो. ते दादासोचे सासरे. त्यांच्या वाघरीत, मेंढरे कोंडायच्या जाळ्यात, सव्वीस मेंढ्या अशा निघाल्या की एकीलाही डावा कान नाही. मी विचारले, “व्याही, ह्यांचे कान कुठं गेले?”

“आवं, वाणच तसलं हाय,” ते म्हणाले. त्याच मेंढ्यांना कोकरी लुचत होती, सगळी दोन-दोन कानांची.

मी म्हणालो, ह्या आमच्या हरणाबाईच्या. त्यावर ते म्हणाले, “मग खूण दावा की. खूण तर तुमच्याच घरात दोरीला टांगलीया.” मी गाडी माघारी वळवली. उरलेल्या पंधरा सांगलीच्या बाजारात गेल्या असाव्यात.

घरी येऊन दादासोला धरले. त्याने मान खाली घातली नाही. म्हणाला, “आवं आबा, म्हातारीला फुडं-मागं हाय कोण? आज न्हाई उद्या आमचंच हाय की.” चार दिवसांनी मी ओट्यावर डोळे मिटून पडलो होतो, तेव्हा तो बायकोला म्हणाला, “आबा जाऊ देत, मग काकूला म्हायेरच्या वाटंला लावू.” हरणाबाईच्या माहेरी कुणी जिवंत नाही. म्हणून हा कागद.

चार. माझ्या मालकीच्या अडतीस मेंढ्या मी हरणाबाईला कायमच्या देतो. काल पाटलांसमोर त्यांच्या डाव्या कानांना तिचे दोन कातरे दिले. उजव्या कानावर माझी खूण आहेच, म्हणजे चोराला आता दोन्ही कान कापावे लागतील. परवा दादासो कळप घेऊन निघणार. त्यात ह्या मेंढ्या नाहीत आणि तिच्या नऊही नाहीत. त्या शेजारच्या वस्तीवरच्या गुंडा नावाच्या मेंढक्याकडे राखणीला दिल्या आहेत. मजुरी म्हणून त्याने निम्मी लोकर घ्यावी. माझे तट्टूही त्यालाच.

पाच. जमीन वडिलार्जित आहे. ती दादासोला मिळेल. मी दिली असे त्याने समजू नये.

सहा. राहते घर मी लोकर विकून बांधले. ते हरणाबाईचे, ती आहे तोवर. मागच्या दोन खणांत दादासोने बायकोपोरांसह राहावे, तिने राहू दिले तर. पुढेमागे तिच्या अंगठ्याचा एखादा कागद कुणी आणला, तर पाटील व मास्तर यांच्यासमोर तो तिला वाचून दाखवला होता का, हे आधी विचारावे. नसेल तर तो अंगठाही त्या कानांसारखाच आणला आहे असे धरावे.

सात. कान कातरायची माझी कातर हरणाबाईला. कोणाही मेंढक्याने यापुढे तिच्या मेंढराचा कान आणला तर तिच्यासमोर ठेवावा, ती सांगेल ते ऐकावे, आणि त्या वेळी कुणी हसू नये. दादासोला माझी काठी. ती लहानपणी त्याच्या पाठीवर द्यायची राहून गेली.

आठ. मला पुरताना ते एकेचाळीस कान दोरीसकट माझ्या उशाला ठेवावेत. भिवा भेटला तर पहिले तेच विचारील.

हरणाबाईची साक्ष घ्यावी असे माझ्या मनात होते. मास्तर म्हणाले, ज्याला मिळते त्याची साक्ष चालत नाही. जिचे जात होते तिची तरी आम्ही कुठे चालवली?

कागद वाचून झाला तेव्हा ती उंबऱ्यात बसली होती, कुत्रे पायाशी. त्याच्या पाठीवरून तिने हात फिरवला. मग म्हणाली, “खंड्या, इचार त्यास्नी, तवाच ऐकलं असतं तर कागुद लागला असता का?”

मास्तर हे लिहायला तयार नव्हते. मी लिहायला लावले. लागला नसता, म्हणून खाली अंगठा करतो.

मुक्काम हिवरमाळ, ता. १४ नोव्हेंबर १९४६, गुरुवार.

कोंडीबा बिन रामा मेटकरी, निशाणी डाव्या हाताचा अंगठा.

साक्षीदार: नाथाजी पाटील, सही. लालासाहेब, पेन्शनर हवालदार, सही; त्या दिवशी घोंगडीपाशी मीही हसलो होतो.

लिहिणार: दिनकर तातोबा लोहार, शाळामास्तर, सही.