बाबांनी पारखलेला सेट

कांचघर, जबलपूर
१४ जानेवारी २०१३

प्रिय सुखराम,

सप्रेम जयभीम. इकडे थंडी फार आहे. तुझ्या वहिनीचे गुडघे पुन्हा धरलेत, माझं बरं चाललंय म्हणायचं. तुझ्या विनताची गोल्फच्या स्पर्धेसाठी निवड झाल्याचं मी मैदानावर सगळ्यांना सांगून आलो.

फोनच करणार होतो, पण आमच्या घरात फोन सगळ्यांसमोर होतो.

तू म्हणालास, विनताचा गोल्फच्या दांड्यांचा सेट आपला सुगतच पाठवतोय, घरच्या मुलाकडून घेताना उलटून काय पाहायचं? तरी पाहा. ड्रायव्हरचं, म्हणजे लांब फटक्याच्या मोठ्या दांड्याचं, डोकं टायटॅनियमचं सांगितलंय ना, त्याला चुंबक लाव. चिकटलं तर लोखंड. दांडा डोक्यात शिरतो तिथली काळी कडी घट्ट बसलेली हवी. कोरलेल्या अक्षरांतला रंग बाहेर पसरलेला नको.

हे मी का शिकवतोय ते तुझ्या लक्षात आलं असेल. सुगत बाहेर गेल्यावर मी विनतासाठी बांधलेलं खोकं उघडून चुंबक लावलं. चिकटलं.

नकली आहे रे. माझ्याच मुलाचा माल.

विचारलं तर म्हणाला, "बाबा, चलता है. शिकणाऱ्या पोरीले काय समजते त्यातलं?" तुझी वहिनी मध्ये पडली, "घरच्या घरात काहून बोभाटा करून राहिले? भाऊजी घेतील समजून." अशा ड्रायव्हरचं डोकं फटक्यासरशी निसटून उडतं. विनताच्या आसपास पोरी उभ्या असतील, हे दोघांच्याही डोक्यात येत नाही.

मला लागलं ते आणखी वेगळं. माझं आयुष्य गोल्फच्या मैदानावर लोकांचे दांडे दुरुस्त करण्यात गेलं. सुगत प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, बाबांनी पारखून दिलाय. तुलाही तेच सांगितलं असेल. मला त्यानं आजवर एकही सेट दाखवलेला नाही. परवा एक साहेब हात मिळवून म्हणाले, "देवीदासजी, आपका पास किया हुआ सेट लिया है." मी नुसता हसलो. या हसण्याचा फार शीण येतो आता.

खोकं आलं की परत पाठव. सुगतला तू रागावू नकोस, तुमचं नातं राहू दे. त्याला एवढंच सांग, "तुझ्या बाबांनी सेट पारखला आणि नको म्हणाले." माझं नाव त्यानं इतकं चालवलं, एकदा तरी ते खरं होऊ दे.

तुझा दादा,
देवीदास