पाऊण टाकी

२ मार्च, रविवार
गाडी घेतली. लाल. दोन दारं, दोन सीटा, आणि इतकी बुटकी की आत बसलं की बाहेरच्यांचे फक्त गुडघे दिसतात. गाडीचं वय सतरा, माझं त्रेपन्न. विकणारा दातांचा डॉक्टर. किल्ली देताना माझा हात बराच वेळ सोडेना. आवडती वस्तू सोडताना माणूस हळवा होतोच. फाटकातून निघताना आरशात पाहिलं, तर अंगणात बायकोला मिठी मारून उड्या मारत होता. सावरायला वेळ लागेल बिचाऱ्याला.

ही म्हणाली, घरात माणसं तीन आणि सीटा दोन. मी म्हणालो, असले विचार करून कुणी स्पोर्ट्स कार घेतं का? ही म्हणाली, तेच म्हणतेय.

३ मार्च
फ्युएल गेज जरा स्वतंत्र वृत्तीचं आहे. सकाळी अर्धी टाकी. डावीकडे वळलो, पाव. उजवीकडे वळलो, फुल्ल. दिवे लावले की काटा आणखी वर.

दुसरा कुणी घाबरला असता. मी वजनमापे खात्यात सव्वीस वर्षं इन्स्पेक्टर आहे. पाच लिटरमागे तीस मिली कमी देणारा पंप मी उभ्या उभ्या सील करतो. काटा म्हणजे काय, हे मला कुणी शिकवू नये. त्या अनुभवावरून लिहितो: हा काटा बिघडलेला नाही. त्याला समजून घेणारा आजवर कुणी भेटला नव्हता.

नवी वही घातली. तक्ता आखला. वेळ, किलोमीटर, काटा, शेरा.

५ मार्च
गिअरबॉक्स. पहिला उत्तम. तिसरा उत्तम. दुसरा घालताना डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज येतो. तेव्हा दुसरा वगळायचा. आयुष्यात किती गोष्टी वगळून आपण पुढे जातो.

रिव्हर्स पडतच नाही. निर्धार: उतारावरच पार्क करायचं. मागे जाण्याची सवयच वाईट.

८ मार्च
मिस्त्रीकडे गेलो. हीपण आली, तिला उगाच सगळीकडे यायचं असतं. मिस्त्री म्हणाला, टाकीतला काटा हलवणारा फ्लोट अडकतोय, एका दिवसाचं काम, बदलून टाकू. मी त्याला काटा वाचण्याचं शास्त्र समजावलं. पॅरॅलॅक्स म्हणजे काय तेही सांगितलं, की काटा नेहमी बरोबर समोरून वाचायचा, बाजूनं पाहिलं की चुकतो. तो ऐकत होता. नंतर गिअरबद्दल काहीतरी सांगू लागला, आधी चौथा, मग काय कोण जाणे. मी म्हणालो, माझी पद्धत बसली आहे. मग तो हिलाच सांगत बसला. हीपण मान डोलावत होती. साधी आहे, कुणाचं मन मोडत नाही.

फ्लोट बदलला नाही. मग तक्त्याला अर्थ काय राहिला?

१० मार्च
पेट्रोलचा प्रश्न. इथले चारही पंप मीच तपासतो. त्यांच्याकडून स्वतःच्या गाडीत पेट्रोल घेणं बरं दिसत नाही. लोक म्हणणार, साहेबाला फुकट मिळतं. माझ्या हद्दीबाहेरचा पंप सव्वीस किलोमीटरवर. तिथे जाऊन यायलाच निम्मं पेट्रोल जाणार. म्हणून ठरवलं: तक्ता सांगेल तेव्हाच जायचं, एक दिवस आधी नाही. ही म्हणाली, अहो, पण टाकी एकदा भरून घेतली तर काय बिघडेल? मी म्हणालो, अभ्यास बिघडेल.

१४ मार्च
थक्क झालो आहे. शेवटचं पेट्रोल भरल्यापासून दोनशे दहा किलोमीटर. काटा अजून अर्ध्यावर. डॉक्टर म्हणाला होता लिटरला नऊ देते. त्याला चालवता येत नसणार. माझ्या हातात सोळा देतेय. दुसरा गिअर वगळल्याचा फायदा.

रोज पहाटे साडेपाच ते सात फिरायला जातो तेव्हापण डोक्यात हेच आकडे.

किरकोळ नोंद: किलोमीटरचा आकडा कधी कधी रात्रभरात चारनं वाढतो. जुनी मशिनं अशी घसरतात. तक्त्यात वजा करतो.

१६ मार्च, रविवार
आनंदाची बातमी. लेकीला नोकरी लागली. पहिली नोकरी. गाव नव्वद किलोमीटरवर, मध्ये घाट. सात एप्रिलला सकाळी दहाला हजर व्हायचं. दहा म्हणजे दहा, उशीर झाला तर जागा दुसऱ्याला, असं पत्रात लिहिलंय.

म्हणाली, सात-दहाची बस आहे, तिकीट काढून ठेवू? मी म्हणालो, बाप मेला का? मी सोडणार. लाल गाडीतून उतरशील, ऑफिस खिडक्यांना लटकेल. ती हसली आणि आत गेली. हिनं लेकीच्या पोहण्याच्या फायनलचा विषय काढला. तेव्हा आम्ही थेट बक्षीस वाटपाला पोचलो होतो हे खरं. पण ते घड्याळामुळे, आणि तो विषय बंद आहे.

या वेळी नाही. लेक हाताशी आहे तोवर तिला एकदा नीट, वेळेवर, कुठेतरी पोचवायचंय. मनापासून लिहितोय.

२० मार्च
स्वयंपाकघरातलं नरसाळं सापडत नाही. ही म्हणाली, असेल कुठेतरी. घरात शिस्त नाही.

२२ मार्च
ड्रायव्हरची सीट पुढे सरकते. रात्री मागे असते, सकाळी गुडघे स्टीअरिंगला. आरसाही खाली झुकतो. रूळ सैल झालेत. मिस्त्रीला सांगितलं तर तो खोकत आत गेला. धूळ फार त्याच्याकडे.

२३ मार्च, रविवार
फिरून आलो तर गाडी उलटी उभी. काल नाक भिंतीकडे होतं, आज रस्त्याकडे. म्हणजे काल रात्री मी रिव्हर्समध्ये लावली! आणि लक्षातही नाही! हात आपोआप शिकत असतात. गिअरबॉक्स माझ्या वळणावर येतोय.

दिवसा मुद्दाम प्रयत्न केला. रिव्हर्स पडला नाही. मुद्दाम केलं की असं होतं.

२६ मार्च
पंप तपासणी. तिथला मॅनेजर म्हणाला, साहेब, तुमची लाल गाडी काय गोड चालते हो, दुसऱ्यात तर कळतसुद्धा नाही कधी पडली. मी म्हणालो, अनुभव लागतो. तो म्हणाला, खरंय साहेब, वहिनींना दाद द्यायला हवी. माझ्या हौशीला घरातून पाठिंबा आहे, याची चर्चा बाहेरही आहे तर. घरी येऊन हिला सांगितलं. तिला ठसका लागला.

हिच्या हाताला पेट्रोलचा वास येत होता. तुमच्या शर्टावरचा डाग काढत होते म्हणाली. कोणता डाग ते मी विचारलं नाही. संसारात सगळंच विचारू नये.

३१ मार्च
तक्ता पूर्ण! एकोणतीस दिवसांची नोंद. निष्कर्ष: काटा पाऊण दाखवत असेल तर टाकीत चौदा लिटर. अर्धा दाखवत असेल तर अकरा. पाव दाखवत असेल तरी आठ, म्हणजे शंभर किलोमीटर डोळे झाकून. शून्याचा अर्थ शून्य नव्हे, चार. प्रत वहीतून उतरवून डॅशबोर्डला चिकटवली. दातांच्या डॉक्टरला पाठवण्याचा विचार आहे, म्हणजे आपण काय घालवलं ते कळेल त्याला.

४ एप्रिल, शुक्रवार
ही आज बसनं पुढे गेली. लेकीच्या नव्या खोलीवर सामान लावायला. दोन गाद्या, कुकर, तीन पिशव्या. आमच्या गाडीत सामानाला जागा नाही म्हणून, असं स्टँडवर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. बस सुटताना खिडकीतून म्हणाली, सोमवारी निघण्याआधी टाकी भरा. नक्की भरा. ऐकताय ना? ऐकतोय म्हणालो. बायकांना काळजी करायला काहीतरी लागतंच.

६ एप्रिल, रविवार
उद्याची रंगीत तालीम म्हणून घाटाच्या पायथ्यापर्यंत जाऊन आलो. ऐंशी किलोमीटर. काटा आधी पाऊण, नंतरही पाऊण. शंका संपली.

लेक म्हणाली, बाबा, पेट्रोल भरू या का? जाता जाता? तिला तक्ता दाखवला. नीट वाचला तिनं, शेवटच्या ओळीपर्यंत. म्हणाली, अक्षर छान आहे. आणि उद्या पावणेसातला म्हणजे पावणेसातलाच निघायचं म्हणाली. बसच्या आधी निघालेलं बरं. उत्साह बघा पोरीचा.

७ एप्रिल, सोमवार, सकाळी ८.२०, घाटात
गाडीत बसून लिहितोय. दुसरं काही करण्यासारखं नाही.

पावणेसातला निघालो. सुरेख चालली होती. घाट लागला, पहिल्यातून तिसऱ्यात, तिसऱ्यातून पहिल्यात. लेक दोन्ही हातांनी सीट धरून, डोळे मागच्या काचेकडे. चढावर काटा वर वर जात फुल्लला टेकला. मी म्हणालो, बघ! आणि गाडी दोन आचके देऊन थांबली. कशीबशी बाजूला घेतली, नाक कठड्याला लावून. सात पस्तीस.

ती म्हणाली, पेट्रोल संपलं, बाबा. मी म्हणालो, अशक्य, तक्त्याप्रमाणे चौदा लिटर आहे, इंजिन तापलंय फक्त. ती म्हणाली, आईनं डिकीत स्टेपनीच्या खाली कॅन ठेवलाय, पाच लिटरचा, ओतू या, पाच मिनिटांचं काम आहे. मी म्हणालो, चौदा लिटर असताना आणखी पाच कशाला? बॉनेट उघडलं. इंजिन कसं तापतं ते तिला समजावलं. मग काटा. मग पॅरॅलॅक्स. आठ वाजले. ती ऐकत होती, पण बघत होती खालच्या वळणाकडे.

वळणावर बस आली. तिनं हात केला. बस थांबली. कंडक्टरनं दार उघडून तिचं नाव विचारलं. हातातल्या कागदावर होतं ते.

मी म्हणालो, अगं, तिकीट? ती म्हणाली, बाबा, रागावू नका. सोळा तारखेलाच काढलं होतं.

सोळा मार्च. मी सोडणार म्हणालो तो दिवस. हसून आत गेली होती ती.

पायरीवरून म्हणाली, गाडी छान आहे हो, बाबा. आता कॅन ओता. बसमधल्या लोकांनी माझ्याकडे पाहिलं. मग बॉनेटकडे. मग पुन्हा माझ्याकडे.

वाईट वाटलं. इथे लिहून ठेवतो, कारण दुसऱ्या कुणाला सांगणार नाही. ती न विचारता गेली असती तर रागावता आलं असतं. तिनं तीनदा विचारलं होतं.

८.४०
डिकी उघडली. स्टेपनीखाली कॅन. कॅनच्या मुठीला सुतळीनं बांधलेलं आमचं नरसाळं.

हिला फोन केला. म्हटलं, हे काय आहे? ही म्हणाली, तुम्ही फिरायला गेलात की एक दिवसाआड पेट्रोल घालून आणते मी. चार किलोमीटर जाऊन येऊन. महिनाभर. रस्त्यात कुठेतरी अडकाल म्हणून. मी म्हणालो, आणि माझा तक्ता? ती म्हणाली, चांगला आखला होता हो.

सीट. आरसा. उलटी उभी गाडी. पंपाचा मॅनेजर. मी एकेक आठवत होतो आणि ती एकेकाला हो म्हणत होती.

पेट्रोल ओतलं. एका झटक्यात सुरू. पण नाक कठड्याला, म्हणजे मागे घ्यायलाच हवी. फोन चालूच होता. खालच्या आवाजात विचारलं, रिव्हर्स कसा टाकतेस? ही म्हणाली, क्लच पूर्ण दाबा, आधी चौथ्यात घाला, मग तिथून सरळ रिव्हर्स. मिस्त्रीनं तुमच्यासमोरच सांगितलं होतं.

पडला. लोण्यातून सुरी जावी तसा.

९.४८
लेकीचा मेसेज: पोचले. बारा मिनिटं आधी. पुढे एक लाल हृदय. ते गाडीसाठी असावं.

८ एप्रिल
काल लेकीच्या गावाहून येताना हीच चालवत होती. दुसरा गिअर घातलेला कळलासुद्धा नाही. मी दोनदा विचारलं, घातलास? ती म्हणाली, केव्हाच.

गाडी मिस्त्रीकडे दिली. नवा फ्लोट. टाकी रिकामी करून अर्ध्या दिवसात झालं. त्यानं चावी फिरवली, काटा सरळ शून्यावर जाऊन बसला आणि हलेना. मिस्त्री म्हणाला, बघा साहेब, आता खरं बोलतोय. तक्ता डॅशबोर्डवरून काढायला गेलो, तर गोंद चांगला निघाला. तक्ता अर्धाच सुटून आला.

१३ एप्रिल, रविवार
लेकीला भेटायला निघालोय. पहिल्या आठवड्याचं सगळं सांगायचंय तिला. फोनवर म्हणाली, आई चालवणार आहे ना? हो म्हटल्यावर म्हणाली, मग बरोब्बर साडेदहाला खाली उभी राहते. तिनं अशी वेळ मला कधी दिली नव्हती.

मी डाव्या सीटवर. पहिल्यांदाच. पाय लांब करता येतात. हिनं वाटेतल्या पंपावर थांबून टाकी भरली, माझ्याच सीलच्या पंपावर. मॅनेजर तिला नमस्कार वहिनी म्हणाला. मला, साहेब, आज तुम्हीपण?

घाटात ही म्हणाली, पेट्रोल बघा हो जरा, माझे डोळे रस्त्यावर आहेत. इथून बाजूनं पाहिलं की काटा आहे त्यापेक्षा थोडा जास्त दिसतो. किती जास्त, ते मला तोंडपाठ आहे.

मी म्हणालो, मला इथून नीट दिसत नाही, तूच बघ.