काळा बॉल टेबलावर

४ नोव्हेंबर ८६, मंगळवार

सकाळी साडेसहाला बाबांबरोबर अंधेरीला, क्लबात. स्नूकरच्या टेबलाला ब्रश मी मारला, इस्त्री बाबांनी फिरवली. बाबा तिथले मार्कर; लोकांना वाटतं मार्कर म्हणजे नुसता पॉइंट सांगणारा माणूस. या हिरव्या कापडाचे लाड कोण करतं ते विचारा! लव एकाच बाजूला बसली पाहिजे, नाहीतर बॉल वाट सोडतो. मग नेहमीसारखा अर्धा तास माझा. टेबलावरचे दिवे लागले की बाकीचा हॉल उरतच नाही. मीही थोडी कमीच उरते.

निघताना नोटीस पाहिली. लेडीज स्नूकर चँपियनशिप, क्लबात पहिल्यांदाच. सात नावं आलीत. आठवं मिळत नाही.

६ नोव्हें., गुरु.

आठवं नाव माझं!! सेक्रेटरीसाहेबांच्या बायकोनं, निरूबेननी, स्वतः घातलं. म्हणाल्या, "मार्करकाकांची मुलगी खेळते ना रोज सकाळी? लिहा तिचं नाव." म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. आम्ही आपले बापलेक चोरून खेळल्यासारखे दार लोटून घेत होतो. साहेब म्हणाले, "ठीक आहे, आठ तर व्हायला पाहिजेत." आठ व्हायला पाहिजेत म्हणून मी. चालेल.

औषधाच्या फॅक्टरीत आज लाल कॅप्सूलचं पॅकिंग. हात आपोआप पंधरा कॅप्सूल टेबलावरच्या लाल बॉलसारख्या त्रिकोणात मांडून बसला. सुपरवायझरबाई: "कांबळे, झोपेत आहेस का गं?"

नाही बाई, पूर्ण जागी आहे. पण इथे नाही.

९ नोव्हें., रवि.

पहिली मॅच जिंकले. समोरच्या बाईंनी क्यूची काठी लाटण्यासारखी धरली होती, त्यामुळे फुशारकी नको. आईनं ओढणी कमरेला घट्ट बांधून दिली होती, कारण बॉलला कपडा लागला तरी फाउल. पंच बाहेरून आणलेत. बाबा पांढऱ्या कोटात पॉइंटच्या बोर्डापाशी. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. फक्त खणखणीत आवाजात, "मिस कांबळे, बावीस."

बाबांनी मला मिस म्हटलं! घाटकोपरला घरी येऊन आई नि मी पोट धरून हसलो. बाबा म्हणाले, "मग काय कुंदे म्हणू तिथं?"

१२ नोव्हें., बुध.

पहाटे स्वप्न. आमच्या वस्तीची सगळी टेकडी कुणीतरी हिरवी इस्त्री करून ठेवलेली. चढ नाही, पायऱ्या नाहीत, नळावर रांग नाही. मी अनवाणी चालतेय आणि माझ्यापुढे एक पांढरा बॉल, आवाज न करता, जाईल तिकडे. त्याला कुठे पोचायचं नव्हतं. मलाही नव्हतं. जाग आली तेव्हा आई स्टोव्हला पिन मारत होती.

दिवसभर तशीच तरंगत होते. फॅक्टरीत कॅप्सूलच्या दोन पट्ट्या चुकल्या. एवढं सुख बरं नव्हे म्हणतात. म्हणू देत.

१६ नोव्हें., रवि.

सेमीफायनल. जिंकले. पण काय करून बसले!

दुसऱ्या फ्रेममध्ये लाल पडला, मग निळा पाडला. सुरेख पडला. मी टेबलाला वळसा घातला, पॉकेटमधून निळा काढला, ओढणीचं टोक सोडून पुसला आणि त्याच्या जागेवर ठेवला. रोज सकाळी मीच खेळणार, मीच बॉल काढून ठेवणार, हाताला तेच वळण. मागे पंच हात पुढे करून उभे. हॉलभर हशा. कुणीतरी बोललंच, "मार्करची मुलगी ना शेवटी!" पडलेला रंगीत बॉल परत मांडायचं काम पंचांचं, खेळणाऱ्यानं बॉलला हात लावायचा नाही. फाउल. पाच पॉइंट समोरच्या बाईंना.

कान तापले. बाबांनी आकडा सरकवला, तोंडावरची रेघ हलली नाही. बसमध्ये मी म्हटलं, "बाबा, तुम्हाला मान खाली घालायला लावली मी." तर म्हणतात, "पुसलास ते बरं केलंस. खडूचा डाग होता निळ्यावर. पंचांच्या लक्षात नव्हता आला."

मला रडू आलं, आणि ते हसण्यासारखं झालं.

फायनल रविवारी. निरूबेनशी.

१८ नोव्हें., मंगळ.

आज आईनं विषय काढलाच. बाबा डिसेंबरअखेर रिटायर. पण त्यांना अजून वर्षभर सकाळचं टेबल करायचंय. नुसतं टेबल, ब्रश नि इस्त्री. साहेबांना आडून सुचवून ठेवलंय. साहेब म्हणाले, बघू. आणि फायनल कुणाशी? साहेबांच्या बायकोशी.

आई: "एक डाव सोडलास तर काय आभाळ कोसळेल? त्यांच्या हातात आहे सगळं."

मी: "बाबा असं म्हणाले?"

आई: "ते कशाला म्हणतील? त्यांना कधी काही मागता आलंय?"

बाबा दारात बसून चपलेचा अंगठा शिवत होते. ऐकू येत होतं त्यांना. आईचा राग आला, मग वाटलं ती खोटं काय बोलली? क्लब सुटला तर बाबा सकाळी उठून करतील काय?

२० नोव्हें., गुरु.

निरूबेन मुद्दाम सकाळी आल्या होत्या. दर बुधवारी दुपारी बाबांकडे शिकतात, त्यामुळे क्यू धरायची ढब अगदी माझ्यासारखीच. गंमत वाटली. एकाच घरच्या दोघी वाटू आम्ही. "कुंदा, तू तर एकदम सरस खेळते हां! मला सोडू नको, बरं का." वाईट असत्या तर सोपं होतं. बाई चांगली आहे हीच पंचाईत.

बाबांच्या कामाचं त्या साहेबांना काही सांगतील का? की मी जिंकले तर साहेब आपलं आपण मनात धरतील? कुणाला विचारणार.

एकटीच खेळत राहिले. बॉल इतके हळू जात होते, जणू माझं ठरेपर्यंत थांबणार होते.

२३ नोव्हें., रवि.

सगळं नीट लिहून ठेवते.

पहिली फ्रेम त्यांची, दुसरी माझी. तिसरीत मी कुठे होते मला माहीत नाही. दिवे, हिरवं, खडूचा वास. आई आली होती, मागच्या खुर्चीत, पदर तोंडाशी. पॉइंट कानावर पडत होते पण ते दुसऱ्या कुणाचे तरी असावेत असं वाटत होतं. शेवटी टेबलावर फक्त काळा नि पांढरा. मी चार पॉइंटनं मागे. काळ्याचे सात. पाळी माझी. आणि काळा कुठे? पॉकेटच्या तोंडाशी, सरळ. पोरसुद्धा पाडेल.

वाकले. तेवढ्यात सगळ्या अंधेरीची लाइट गेली.

सात वाजेपर्यंत थांबलो. मग पंचांनी ठरवलं, दोन्ही बॉल आहेत तिथेच राहू द्या, उद्या पाच वाजता तो एक शॉट. दाराला कुलूप, किल्ली पंचांकडे. बाबा रोजच्या किल्लीशिवाय, रिकाम्या हातानं बाहेर आले. निरूबेन माझा दंड दाबून म्हणाल्या, "जिंकलीस तू." साहेब सरळ गाडीत जाऊन बसले.

बसमध्ये आई पुढे लेडीज सीटवर, आम्ही दोघं मागे. 

मग बाबा खिडकीकडे बघत म्हणाले, "अठ्ठावीस वर्षं मेंबरांबरोबर खेळलो. जोडीदार आला नाही की मार्करला बोलावतात. एकदाही जिंकलो नाही. तोंडाशी आलेला बॉल कसा चुकवायचा, ते माझ्याएवढं कुणाला येत नाही."

मी तिकिटाची घडी करत राहिले.

"तुला सगळं शिकवलं कुंदे. तेवढं नाही शिकवलं."

"मग उद्या काय करू, बाबा?"

"उतरायचं आलं. आईला हाक मार."

पण मला येतं ते. बाबांना माहीत नाही. दहा वर्षांची असल्यापासून हॉलच्या दाराआडून बघत आलेय. शेवटच्या क्षणी मनगट केसभर सैल सोडायचं. बॉल कडेला लागून मागे येतो, सगळे अरेरे म्हणतात, मेंबर पाठीवर थाप मारतो. मी कॅप्सूल भरताना बोटांनी करून पाहिलंय. मला दोन्ही येतं.

उद्या साडेचारलाच फॅक्टरीतून सुटायचंय. सुपरवायझरबाईंना काय सांगावं?

आई झोपली. बाबा जागे आहेत, मला कळतंय. त्यांनाही कळत असेल की मी लिहितेय.