सरबताच्या यादीतली अक्का

नरसिंहा,

आचारी हयवदन दहाला येईल. बिसिबेळे भाताचा मसाला मी कुटून मोठ्या डब्यात भरलाय. सरबताची लिंबंही मीच पिळून बरणीत ठेवलीत. कोठीची किल्ली या चिठ्ठीखाली आहे.

चंपाच्या संध्याकाळच्या रिसेप्शनच्या तुझ्या दोन्ही याद्या हयवदनला द्यायच्या म्हणून उघडल्या. धान्यटंचाईच्या सरकारी नियमानं पन्नासच पानं वाढायची, बाकीच्यांना नुसतं सरबत, हे मलाही ठाऊक आहे. पन्नासांत तुझ्या ऑफिसातले अकराजण दिसले. व्याह्यांचा ड्रायव्हरसुद्धा दिसला. माझं नाव मात्र सरबतात सापडलं, आणि त्याच्यापुढे तुझ्याच अक्षरात, ‘अक्का समजून घेईल.’

घेतलं समजून.

चंपाची आई गेली तेव्हा पोर सात महिन्यांची होती. तिला भाताचा पहिला घास कुणी भरवला, ते त्या अकराजणांना विचार.

मी मल्लेश्वरमला विमलाकडे चालले. चंपाला खरं सांगू नकोस, आत्याला बरं नाही एवढंच सांग. भात उतरवताना वरून तूप सोडायला हयवदन विसरतो, तेवढं बघ.

आणि सरबताचा एक पेला कमी कर.

— अक्का