एक ठिपका वेगळा, मग दहा

लायमा, ओहायो
मंगळवार, ९ ऑगस्ट २०११

वेंडेल,

पत्र कुणालाही असो, सुरुवात 'प्रिय' म्हणूनच करायची, असं सिस्टर इमेल्डांनी आम्हाला पट्टीच्या धाकानं शिकवलं होतं. साठ वर्षांत आज पहिल्यांदा मी ती शिस्त मोडतेय. तुझा गुडघा बरा असावा. शनिवारी जत्रेच्या मैदानावर चांगला ताठ उभा होतास. माझंही ठीक चाललंय. टोमॅटो उदंड आलेत, खायला मी एकटी. बोटं आखडतात म्हणून अक्षर पूर्वीसारखं नाही, पण तुला वाचता येईल.

मी 'ओळखा पाहू'च्या टेबलाशी आले तेव्हा तू पाठमोरा होतास. माझा एमेट गेल्यापासून दोन वर्षं मी जुन्या हत्यारांच्या क्लबच्या बाजाराला फिरकले नव्हते. या वेळी वाटलं, गंजलेल्या हत्यारांचा आणि रॉकेलचा वास घेऊन यावं, त्या वासात तो थोडा तरी भेटेल. टेबलावर नेहमीसारखी ओळखायला ठेवलेली बेवारस हत्यारं, शेजारी अंदाज लिहून टाकायच्या चिठ्ठ्यांची पेटी. आणि मधोमध, मखमलीच्या तुकड्यावर, तो.

चार दातांचा पाना. जुन्या मोटारसायकलचा क्लचचा नट काढायचा. जाड नळीचं तोंड, त्याला चार दात, आडवा दांडा. दांड्यावर एक ठिपका वेगळा, मग ओळीनं दहा.

टेबलाभोवती माणसांची गर्दी होती. एक ढेरपोट्या गृहस्थ भिंग लावून म्हणत होता, "कारखान्याचाच हो! हातानं केलेल्याचे दात असे एकसारखे येतात का कधी?" दुसरा म्हणाला, "आणि हे ठिपके? वेंडेलनं क्लबच्या अंकात लिहिलंय की. तपासनिसाची खूण आहे ती. महायुद्धाच्या आधीची." मग मला पाहून, "या मावशी, तुम्हीपण टाका एक चिठ्ठी. स्वयंपाकघरातलं काही असेल तर तुम्हालाच ठाऊक!" सगळे हसले. मीही हसले. मी चिठ्ठी टाकली.

दुपारी तू पेटी उघडून एकेक चिठ्ठी मोठ्यानं वाचलीस. माझी हातात आली तेव्हा अर्धी वाचून थांबलास. "स्वयंपाकघराचं टेबल, फेब्रुवारी एकाहत्तर..." मग मान वर करून गर्दीत मला शोधलंस, सापडल्यावर म्हणालास, "कुणीतरी थट्टा केलीय," आणि चिठ्ठीची घडी घालून खिशात टाकलीस. माझ्या नजरेला नजर देऊन, वेंडेल. म्हातारपणी माणसाला निदान लाज तरी येते म्हणतात.

आता येत्या शनिवारी क्लबच्या हॉलमध्ये तो काचेच्या कपाटात जाणार, खाली पितळी पट्टी: 'कारखान्याचं मूळ हत्यार. ओळख आणि जीर्णोद्धार: वेंडेल हॅस्किन्स.' एकदा काच बसली की ती पट्टीच खरी होणार.

जीर्णोद्धारच म्हणे! सोड्याच्या पाण्यात बुडवून, वीज सोडून गंज काढलास, इथवर ठीक. पण मग तारेच्या चाकावर घालून चमच्यासारखा चकचकीत कशाला केलास? एमेट आधी हत्यार ओळखायचा, मगच त्याला हात लावायचा. रॉकेल, पितळी ब्रश आणि आठवडाभर धीर. कुणाचा हात कुठे झिजलाय ते पुसलं जाऊ नये म्हणायचा. दांड्याच्या डाव्या टोकाला एमेटच्या अंगठ्यानं पडलेली एक काळपट जागा होती. ती तू घासून टाकलीस. ती नसली की पाना कुणाचाही होतो, हे तुझ्यासारख्या जाणकाराला मी काय सांगायचं!

तू तो ओळखलास म्हणे. ओळखलासच, वेंडेल. त्याबद्दल मला अजिबात शंका नाही.

लग्नाला चार महिने झाले होते. एमेट बर्फावर घसरला, गळ्याजवळचं हाड मोडलं. दुकानाच्या दारात एका गिऱ्हाइकाची मोटारसायकल उघडी पडलेली, आणि त्या मापाच्या पान्यावाचून क्लचचा नट सुटेना. आम्ही लोखंड घट्ट धरायचा शिकंजा स्वयंपाकघराच्या टेबलाला आवळला. तो खुर्चीत, हात गळ्यात बांधलेला. मी कानस हातात घेतली. "दोनदाच घास. थांब. माप बघ. आता अजून एकदा. अगं, पावाचं पीठ मळतेयस का? हलक्या हातानं!" नऊ दिवस लागले. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला वेदीवरच्या कापडाची जाळी विणायला शिकवलं होतं, एक टाका चुकला तर सगळं उसवायचं. त्याच हातानं मी ते दात घासले. पोलाद तापवून तेलात बुडवण्याआधी एमेट म्हणाला, "खूण कर काहीतरी." मी पंच घेतला. जपमाळेतल्या प्रार्थनांसारखा एक ठिपका 'हे आमच्या बापा'चा, मग दहा 'नमो मरिये'चे. प्रत्येक ठोक्याला एक. त्याचं हाड नीट जुळावं म्हणून.

गावभर तो सांगायचा, पाना मी केला. मला राग नव्हता. नवऱ्याचं दुकान, नवऱ्याचं नाव. पण मनात कुठेतरी होतं.

पाना बारा वर्षं दुकानाच्या भिंतीवरच्या फळीला टांगलेला होता. फळी पांढरी, आणि प्रत्येक हत्याराच्या मागे त्याच्याच आकाराची काळी रेघ, मी रंगवलेली. त्र्याऐंशीच्या जानेवारीत पाना गेला. रेघ राहिली.

एमेट तीन दिवस शोधत होता. दुकानाच्या किल्ल्या दोघांकडेच, त्याच्याकडे आणि त्याच्या धाकट्या भावाकडे. फ्लॉइडला स्वतःचं दुकान काढायचं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मग जे व्हायचं ते झालं. सख्खे भाऊ, पण काय काय बोलले एकमेकांना! फ्लॉइड त्याच दुपारी बॅग घेऊन निघाला. फाटकाशी थांबून म्हणाला, "वहिनी, तुला तरी वाटतं का मी नेला?"

मी एप्रनला हात पुसले आणि म्हटलं, "जपून जा, पायाखाली बर्फ आहे."

वर मी 'पाना गेला' असं लिहिलंय. खोडत नाही, राहू दे. गेला नव्हता. मी दिला होता.

एमेट डेटनला गेला होता. तुमचं भांडण झालेलं, वेंडेलला स्क्रू ड्रायव्हरसुद्धा द्यायचा नाही अशी सक्त ताकीद. तू मागच्या दाराशी टोपी हातात धरून उभा राहिलास. एमेटच्या खुंटीवरच्या किल्लीनं मी दुकान उघडलं. तू फळीवरून पाना काढून खिडकीच्या उजेडात धरलास. "डॉली, हे दात एमेटचे नाहीत. त्याचा हात जड आहे. हे तू घासलेस ना?"

बारा वर्षांत कुणीही विचारलं नव्हतं. मी लाल झाले असेन. तू ठिपक्यांवर बोट फिरवून विचारलंस, "आणि हे?" मी एकेक करून सांगितलं. कॉफी दिली. चेरी-पायचा तुकडासुद्धा कापून दिला. "रविवारी आणून देतो, त्याला कळणारही नाही," म्हणालास. माझी वाखाणणी झाली आणि मी घरातली वस्तू उचलून दिली. एवढंच. याहून जास्त काही नव्हतं आणि याहून कमीही नव्हतं.

सोमवारी मी तुला फोन केला. आठवतंय? "कसला पाना, डॉली? मी तुझ्याकडे आलोच नव्हतो." आणि हसलास. तुला पुरतं ठाऊक होतं की मी एमेटपुढे तोंड उघडणार नाही.

बुधवारी एमेटनं विचारलं, "तू पाहिलास का?" मी 'नाही' म्हटलं. एका शब्दाचं काम. मग एक आठवडा गेला, एक वर्ष गेलं, मग ते सांगायची वेळच निघून गेली. पाद्रीबाबांपुढे मी रागाची पापं कबूल केली, आळसाची केली, हे कधीच केलं नाही. शेवटच्या आजारात एमेट एकदा म्हणाला, "फ्लॉइडनं नुसतं कबूल केलं असतं, तर मी सोडून दिलं असतं." मी त्याची उशी सारखी केली.

अंत्यविधीला फ्लॉइड आला नाही. कॅन्ससहून कार्ड आलं: 'चोर म्हणून गेलो, पाहुणा म्हणून कसा येऊ?'

तेव्हा आता ऐक. शनिवारी काच बसवण्याआधी तू सगळ्यांसमोर सांगायचं, पाना कुणी केला आणि तुझ्याकडे कसा आला. नाही सांगितलंस, तर मी सांगेन. शेजाऱ्याच्या ट्रकमध्ये फळी घालून आणणार आहे. त्या काळ्या रेघेवर पाना ठेवून बघू देत तुमच्या भिंगवाल्यांना. त्यानंतर तू फोनवर हसला होतास तसा हस. आणि लोकांनी मला विचारलं, "बाई, मग तुम्ही अठ्ठावीस वर्षं गप्प का होतात?" तर त्याचंही उत्तर मी देणार आहे. त्या भीतीवर तू इतकी वर्षं काढलीस. ती आता संपली.

फ्लॉइडला पत्र मी रविवारीच लिहिलं, काल सकाळी टपालात टाकलं. त्याला 'प्रिय' लिहिलं. तो पाकीट फोडेल की नाही, ठाऊक नाही. फोडू नये, असंही एकदा मनात येऊन गेलं.

तो पाना घडवणारी, आणि तो पाहिला नाही म्हणणारी,
डोलोरेस